दीड डिग्री आणि सोलरवाला
सकाळपासून फोनवर एकच बातमी फिरतेय, पृथ्वीच्या तापमानवाढीने दीड डिग्री ओलांडली, आता संपलं सगळं! अहो २०२४ साल कारखान्यांच्या युगाआधीच्या सरासरीपेक्षा दीड डिग्रीच्या वर गेलं हे खरंय, पण २०१५ च्या पॅरिस हवामान करारातली मर्यादा बऱ्याच वर्षांच्या सरासरीची आहे, एका वर्षाची नाही. तापमान वाढतंय यात वाद नाहीच, पण हेडिंगवाल्यांना कोण सांगणार. त्यात दुपारी सोलरवाला आला, म्हणे पॅनल बसवा, लाईट गेली तरी टेन्शन नाही. म्हटलं बॅटरी आहे का, तर नाही, ऑनग्रिड, म्हणजे थेट वीज कंपनीच्या लाईनला (ग्रिडला) जोडलेलं. मग ग्रिड बंद पडला की इन्व्हर्टरपण आपोआप बंद होणार ना, नाहीतर लाईन दुरुस्त करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल, म्हणजे भर उन्हात वर पॅनल तापतायत आणि खाली पंखा बंद! साहेब ब्रोशर चाळत बसले. सबसिडीचं पान मात्र पटकन सापडलं 😄