गावासाठी मतदार, युरोपसाठी नाही

जर्मनीत मतदान रविवारी असतं. नगरपालिकेत नोकरी असली की तो रविवार आपला नाही, हे धरूनच चालायचं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातल्या एका मध्यम आकाराच्या गावात मी नागरिक सेवा कार्यालयात काम करते. नवीन राहायला आलेल्यांची नोंद, पत्ता बदल, ओळखपत्रं, पासपोर्टचे अर्ज, हे रोजचं काम. ९ जून २०२४ ला माझी ड्यूटी एका प्राथमिक शाळेतल्या मतदान केंद्रावर लागली. युरोपीय संसद आणि आमच्या राज्यातल्या नगरपरिषदा व जिल्हा परिषदा, सगळ्यांचं मतदान त्याच दिवशी होतं.

इलेक्शन ड्यूटी मी लहानपणापासून ऐकत आलेय. वडील सांगली जिल्ह्यात झेडपीचे शिक्षक होते. पाचच दिवसांपूर्वी, ४ जूनला, लोकसभेचा निकाल लागला होता आणि ते अजून त्याच तंद्रीत होते. मी फोनवर म्हटलं, "बाबा, भारतानंतर जगातली सगळ्यात मोठी निवडणूक आमचीच आहे. २७ देश, ३५ कोटींहून जास्त मतदार, ७२० खासदार." ते म्हणाले, "मग पेपरात काहीच कसं नाही?"

पेपर सोडा, आमच्या रांगेतसुद्धा काही नव्हतं. सकाळी आठला दार उघडल्यापासून लोक बोलत होते ते पोहण्याच्या तलावाबद्दल (दुरुस्ती करायची की पाडायचा), बालवाडीतल्या अपुऱ्या जागांबद्दल आणि बाजारचौकातल्या पार्किंगबद्दल. नगरपरिषदेची मतपत्रिका आमच्याकडे आधीच घरी येते, चांगली जाडजूड. जितक्या जागा तितकी मतं असतात, एका उमेदवाराला तीनपर्यंत देता येतात, आणि या पक्षातला एक, त्या पक्षातली दोघं अशी निवडही चालते. लोक स्वयंपाकघरात टेबलाशी बसून संध्याकाळच्या संध्याकाळ त्यावर खर्च करतात. युरोपची पत्रिका मात्र केंद्रावर मिळते. हातभर लांब, एकाखाली एक तिसावर पक्ष, आणि एकच फुली. वरच्या उजव्या कोपऱ्यात भोक असतं, म्हणजे अंध मतदाराला आपली पट्टी कशी लावायची ते चाचपून कळतं. लोक ती घेऊन पडद्याआड जात आणि अर्ध्या मिनिटात बाहेर येत.

त्यांना दोष कसा देणार? त्या पत्रिकेवर युरोप असा दिसतच नाही. नेहमीचेच जर्मन पक्ष, नेहमीची नावं. गावातल्या खांबांवर तेव्हाचे चॅन्सलर शोल्त्स यांचे फोटो लागले होते, आणि ते या निवडणुकीत उभेही नव्हते. म्हणायला एक निवडणूक, पण २७ देशांचे २७ नियम. आमच्याकडे या वेळी पहिल्यांदाच १६ वर्षांची मुलं मत देणार होती, ग्रीसमध्ये १७ ची, बहुतेक ठिकाणी १८ ची. फ्रान्समध्ये ५ टक्क्यांच्या खाली राहिलेल्या पक्षाला एकही जागा नाही, जर्मनीत तशी अटच नाही.

अकराच्या सुमाराला एक वयस्कर गृहस्थ आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात नगरपरिषदेच्या भरलेल्या मतपत्रिका आणि मतदानाची चिठ्ठी. ओळखीचा चेहरा होता, पत्ता बदलाच्या कागदांवरून आमच्यात दोनदा वाद झालेला. १९६९ साली, ग्रीसमध्ये लष्करी राजवट असताना, तेवीस वर्षांचे असताना इथे आलेले. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात निवृत्तीपर्यंत नोकरी. त्यांनी त्या पाकिटांत घालून पेटीत टाकल्या आणि हात पुढे केला. "आणि ती लांबवाली?"

मी यादी पाहिली. नगरपरिषद, हो. जिल्हा परिषद, हो. युरोप, नाव नाही.

आता हे समजून घ्यायला जरा मागे जावं लागेल. १९९० मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने निकाल दिला होता की परदेशी रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मत देता येणार नाही. दोन राज्यांनी तसा कायदा केला होता, तो रद्द झाला. मग मास्ट्रिख्टचा करार आला, 'युरोपीय संघाचा नागरिक' ही गोष्ट कायद्यात जन्मली आणि १९९२ च्या शेवटी जर्मनीला राज्यघटना बदलावी लागली. तेव्हापासून संघातल्या कुठल्याही देशाचा माणूस इथे राहत असेल तर त्याचं नाव गावच्या मतदार यादीत आपोआप चढतं. अर्ज नाही, शपथ नाही. तो नगरपरिषदेला उभाही राहू शकतो. युरोपीय संसदेसाठी मात्र त्याने एकदा तरी फॉर्म भरून कळवायला हवं की माझं मत मी मायदेशात न देता इथे देणार. दोन्हीकडे मत पडू नये म्हणून हा बंदोबस्त. एकदा भरला की पुढच्या निवडणुकांना पुन्हा भरावा लागत नाही. या वेळची मुदत १९ मे होती. आमच्या गृहस्थांनी तो कधीच भरला नव्हता.

केंद्राध्यक्ष म्हणजे निवृत्त इतिहास शिक्षक, अतिशय सभ्य माणूस. त्यांनी खात्रीसाठी नगरपालिकेत फोन लावला. उत्तर काय येणार ते मला ठाऊक होतं.

"म्हणजे तलावासाठी मी चालतो," गृहस्थ म्हणाले. "युरोपसाठी मी ग्रीक."

रागावले नव्हते ते, किंवा निदान आवाज चढला नव्हता. ग्रीसने त्याच वर्षी परदेशातल्या मतदारांसाठी पहिल्यांदा टपाली मतदान सुरू केलं होतं, पण त्यालाही आधी नोंदणी लागत होती आणि ती त्यांनी केली नव्हती. का करावी? पंचावन्न वर्षं इथे राहिलेल्या माणसाला तिथल्या याद्यांतली नावं कशी माहीत असणार? बाकावर बसून ते केंद्राध्यक्षांना सांगत होते की ग्रीस १९८१ मध्ये युरोपीय समुदायात आला तेव्हा कारखान्यात कुणाला पत्ताही नव्हता, पण २०१० नंतर, कर्जाच्या संकटाच्या वर्षांत, रोज सकाळी कुणीतरी विचारायचं, "तुमची बेटं विकली की नाही?" पेपरात तसा मथळाच आला होता. "तेव्हा मात्र सगळ्यांना युरोप माहीत होता," ते म्हणाले.

माझ्या डोक्यात ही केस दिवसभर राहिली. एकत्र युरोपीय ओळख घडवायची म्हणून केवढा खटाटोप झाला आहे. बारा ताऱ्यांचा झेंडा. बेटोव्हेनची धून, पण शब्द वगळून, कारण चोवीस भाषांपैकी कुठल्या भाषेत गायचं? दुपारी पालक संघाच्या केकच्या टेबलावर कुणी दहा युरोंची नोट दिली, तेव्हा केंद्राध्यक्षांनी आम्हाला ऐकवलंच की नोटांवरचे पूल कुठल्याही खऱ्या पुलाचं चित्र नाहीत. कुठल्याही एका देशाचा पूल घेतला तर बाकीचे रुसले असते, म्हणून काल्पनिक काढले. नाण्यांच्या एका बाजूला मात्र प्रत्येक देशाने आपापलं चित्र टाकलं. झेंडा आणि गीत राज्यघटनेत घालायचा प्रयत्नही झाला. २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी तो मसुदा पाडला आणि पुढे लिस्बनच्या करारातून ही चिन्हं गुपचूप गळली.

मला विचाराल तर या सगळ्यापेक्षा त्या गृहस्थांच्या हातातली नगरपरिषदेची चिठ्ठी जास्त युरोपीय होती. तिच्यावर एकही तारा नव्हता. पण एका ग्रीक माणसाने जर्मन गावातल्या तलावाचं काय करायचं ते ठरवावं आणि यात कुणाला काही वावगं वाटू नये, ही गोष्ट त्याच्या तरुणपणी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. काम झालंय ते इथे, खाली. वर, जिथे युरोप स्वतःच्या नावाने मत मागतो, तिथे प्रत्येकाला पुन्हा आपल्या राष्ट्राच्या दारातून यावं लागतं. करारातच लिहिलंय की संघाचं नागरिकत्व राष्ट्रीय नागरिकत्वाच्या जोडीला मिळतं. राष्ट्र गेलं की तेही गेलं. ब्रेक्झिटनंतर आमच्याच यादीतून ब्रिटिश रहिवाशांची नावं निघाली. ज्यांनी जर्मन नागरिकत्व घेतलं ते पुन्हा आले. मीसुद्धा भारताचा पासपोर्ट परत केला तेव्हा जर्मन झाले, आणि युरोपीय झाले ते त्या कागदाच्या मागोमाग, आपसूक.

तीनच्या पुढे एक मुलगा आला, सोळा पूर्ण झालेला, आजीला घेऊन. आजी तुर्कस्तानातून आलेली, डोक्याला रुमाल, नातवाने मत द्यायच्या आधी त्याच्या शर्टाची कॉलर नीट करणारी. मी सवयीने तिच्याकडेही चिठ्ठी मागितली. मुलगा म्हणाला, "तिला चिठ्ठी येत नाही. कुठल्याच निवडणुकीची नाही येत."

खरं होतं. घटना बदलली ती संघातल्या नागरिकांपुरती. तुर्कस्तान १९८७ पासून संघाच्या दारात उभा आहे, २००५ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या आणि थिजल्या. त्यामुळे ग्रीक आजोबा तलावासाठी चालतात आणि तुर्की आजी, बहुधा तितकीच वर्षं इथे काढून, त्यासाठीही नाही. जर्मन नागरिकत्व घ्यायचं तर पूर्वी तिला आपला पासपोर्ट सोडावा लागला असता. दुहेरी नागरिकत्वाची मोकळीक देणारा कायदा त्याच महिन्याच्या २७ तारखेला लागू व्हायचा होता. ओळख सर्वांसाठी खुली आहे असं भाषणांत ऐकते तेव्हा मला आमची यादी आठवते. यादी कुणालाही अपमानकारक बोलत नाही, फक्त त्यात नाव नसतं.

मुलाने युरोपची पत्रिका उलगडली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि केंद्राध्यक्षांना विचारलं, "यात स्पेनचे, पोलंडचे लोक कुठायत? संसद तर सगळ्यांची एकच ना?"

"जर्मनीचे ९६ खासदार आपण निवडायचे, त्यांचे ते निवडतील."

"पण कायदे तर सगळ्यांना लागू होणार."

केंद्राध्यक्ष मास्तरच, त्यांना राहवेना. २०२२ मध्ये युरोपीय संसदेने स्वतःच सुचवलं होतं की २८ जागा अख्ख्या संघाचा एक मतदारसंघ करून निवडाव्यात, म्हणजे प्रत्येक मतदाराला दोन मतं, एक देशाचं आणि एक युरोपचं. सदस्य देशांच्या सरकारांनी तो प्रस्ताव बाजूला ठेवला. मागे रांग वाढत होती, मी खाकरले, आणि मुलगा पडद्याआड गेला. चांगला पाच मिनिटं आत होता. आजी दारातून आमची मतपेटी न्याहाळत होती.

सहाला दार बंद झालं आणि मोजणी सुरू. ज्यांना बघायचं ते येऊन बसू शकतात. चार-पाच जण बसले. नियमाप्रमाणे युरोपची पेटी आधी. पुण्यात मानाचे गणपती पुढे निघतात आणि गर्दी मागच्या रोषणाईसाठी थांबलेली असते, तसंच हे. सगळ्यांचा जीव नगरपरिषदेच्या पेटीत. लांबच्या लांब पत्रिका उलगडायच्या, पक्षवार गठ्ठे लावायचे, दोघांनी तपासायचे. व्होल्ट नावाचा पक्ष अनेक देशांत एकाच जाहीरनाम्यावर लढत होता, त्याचाही एक बारीकसा गठ्ठा झाला. देशभरात त्यांना २.६ टक्के मतं आणि तीन जागा मिळाल्या. संघाचे अधिकार कापू पाहणाऱ्या एएफडीचा गठ्ठा त्याच्या कितीतरी वर गेला. त्या पक्षाला देशात १५.९ टक्के मिळाले, आणि मतदानोत्तर पाहणीनुसार २४ वर्षांपर्यंतच्या मतदारांतही सुमारे तेवढेच. सोळा वर्षांच्या मुलांना मत दिलं की युरोपला आपोआप बळ मिळेल असं पुष्कळांनी धरलं होतं. मुलं काही कुणाचं देणं लागत नव्हती.

नऊच्या सुमाराला, आम्ही नगरपरिषदेची पाकिटं लावत असताना, बघायला बसलेल्यांपैकी एका बाईंचा फोन वाजला. मग दुसऱ्याचा. फ्रान्समध्ये उजव्या पक्षाने बाजी मारली होती आणि राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी फ्रान्सच्या संसदेचं कनिष्ठ सभागृह विसर्जित केलं होतं. वर्गात एकदम गलका झाला. आता तिकडे कोण येणार, युक्रेनचं काय, युरोचं काय. दिवसभर तलावावर भांडणारी माणसं पॅरिसच्या निकालावर असं बोलत होती की जणू शेजारच्या वॉर्डाचा निकाल आहे. केंद्राध्यक्षांनी दोनदा टेबल वाजवलं तेव्हा कुठे आम्ही पुन्हा पाकिटांकडे वळलो. सकाळी अर्ध्या मिनिटात उरकलेली ती फुली रात्री नऊला लोकांना भारी वाटायला लागली होती. मला त्यात आशा दिसली आणि थोडा वैतागही आला. एवढं कळायला दुसऱ्याचं घर हलावं लागतं का? तरी जर्मनीत त्या दिवशी जवळपास ६५ टक्के मतदान झालं होतं, पुनरेकीकरणानंतरच्या कुठल्याही युरोपीय निवडणुकीपेक्षा जास्त.

पुढच्या आठवड्यात ग्रीक गृहस्थ कार्यालयात आले. नंबर काढून, रांगेत बसून, माझ्याच खिडकीशी. तो फॉर्म आत्ताच भरून ठेवायचा होता. मी नमुना काढून दाखवला. मायदेशात शेवटचं नाव कुठल्या यादीत होतं, असा त्यात एक रकाना आहे. त्यांनी गावाचं नाव सांगितलं आणि मग स्वतःच म्हणाले की ती नगरपालिका आता नाही. २०११ मध्ये ग्रीसने नगरपालिका एकत्र केल्या तेव्हा त्यांचं गाव शेजारच्या मोठ्या गावात गेलं.

"जुनंच नाव लिहा," मी म्हटलं, "पण आज नाही. पुढच्या निवडणुकीला अजून पाच वर्षं आहेत. २०२९ ला या."

"२०२९ ला मी त्र्याऐंशीचा असेन."

"मीही इथेच असेन."

"मग तुम्ही मला पत्र पाठवा," ते म्हणाले. "तलावाचं पाठवता, तसं."

असं पत्र पाठवायची आमच्याकडे सोय नाही. मी त्यांचा कोरा फॉर्म घडी करून पाकिटात घालून दिला आणि वर मुदतीचं वर्ष लिहिलं. त्यांनी ते वाचलं, खिशात ठेवलं आणि विचारलं, "आणि तलावाचं काय झालं?" तलाव वाचला होता, निदान पुढच्या अंदाजपत्रकापर्यंत.