तुम्ही विचारलंत म्हणून: खुबा नवा, मग मांडी का दुखते?

खुब्याचा सांधा बदलून घेतलेल्या माणसाला बऱ्याच दिवसांनी कोणी भेटलं की आधी नजर जाते ती चालण्याकडे. मग प्रश्न येतो, "आता दुखत नाही ना?" मी खरं ते सांगते. खुबा दुखत नाही, मांडी दुखते. लगेच दुसरा प्रश्न येतो, "सांधा नवा घातलाय ना? मग मांडी कशी दुखते? ऑपरेशनमध्ये काही राहून तर नाही गेलं?" ज्यांचं स्वतःचं ऑपरेशन झालंय ते हाच प्रश्न आवाज खाली आणून विचारतात आणि त्यांच्या चेहऱ्यावरची धास्ती मला ओळखीची वाटते. हे सविस्तर उत्तर मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

सांधा बदलल्यावर पुष्कळ जणांची मांडी काही काळ दुखते आणि बहुतेकांची हळूहळू थांबते. काहींची मात्र रेंगाळते. रेंगाळली तर त्यामागे कारण असतं, ते शोधता येतं आणि शोधायला हवं. त्यासाठी "मांडी दुखते" एवढ्या दोन शब्दांवर भागत नाही. नेमकं कुठे दुखतं, कधी दुखतं आणि गेल्या महिन्यापेक्षा वाढलंय की उतरलंय, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे. एक्स-रेमध्ये हे दिसत नाही. ते फक्त आपल्याजवळ असतं.

आधी आत काय केलेलं असतं ते बघू. खुब्याचा सांधा उखळीचा असतो: कमरेच्या हाडात खोलगट वाटी आणि तिच्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. ऑपरेशनमध्ये झिजलेला गोळा काढतात आणि वाटीत नवं अस्तर बसवतात. नव्या गोळ्याला उभं राहायला आधार लागतो. तो आधार म्हणजे धातूची लांब दांडी. डॉक्टर तिला स्टेम म्हणतात. मांडीच्या हाडाच्या आतल्या पोकळीत ती वरून खाली उतरवलेली असते. म्हणजे आपण खुब्याचं ऑपरेशन म्हणतो खरं, पण त्यातलं बरंचसं काम मांडीत झालेलं असतं. मला हे चित्र कोणी काढून दाखवलं तेव्हा माझी निम्मी भीती गेली. ऑपरेशनच्या आधीच प्रत्येकाला ते काढून दाखवावं असं माझं ठाम मत आहे.

इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी 1962 च्या सुमारास आजच्या धर्तीचा सांधा रूढ केला, तेव्हा स्टेम एका खास सिमेंटने हाडात पक्का करत. ती पद्धत आजही चालू आहे, विशेषतः हाडं ठिसूळ असतील तर. दुसरी पद्धत बिनसिमेंटची. तिच्यात स्टेमचा पृष्ठभाग खरखरीत किंवा सच्छिद्र असतो. तो हाडात घट्ट बसवतात आणि पुढे हाडाने त्यावर वाढून त्याला धरून ठेवायचं असतं. मांडीचं रेंगाळणारं दुखणं या दुसऱ्या पद्धतीत जास्त आढळतं. माझा स्टेम त्याच पद्धतीचा आहे.

याची मुख्य कारणं दोन. हाडाने धातूला धरायचं तर सुरुवातीच्या काळात दोघांमधली हालचाल अगदी सूक्ष्म असावी लागते. ती साधारण 150 मायक्रोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम सातव्या भागाच्या पुढे गेली, तर मध्ये हाडाऐवजी मऊ तंतुमय थर तयार होतो आणि स्टेम पक्का होत नाही. असा स्टेम पाऊल टाकताना किंचित हलतो आणि मांडीत कळ येते. दुसरं कारण ताठरपणाचं. स्टेम ज्यांचे बनवतात त्यांपैकी कोबाल्ट-क्रोम हा मिश्रधातू हाडाच्या 10 पटींहून जास्त ताठर असतो. टायटॅनियमचा मिश्रधातू त्याच्या निम्म्याने ताठर, तरीही हाडाच्या मानाने कडकच. वेताच्या काठीत अर्ध्यापर्यंत लोखंडी सळई घालून काठी वाकवली, तर सळई जिथे संपते तिथेच सगळा ताण येतो. मांडीच्या मधोमध, स्टेमचं टोक असतं तिथे, नेमकं हेच होतं. म्हणून स्टेम चांगला पक्का असूनही मांडी दुखू शकते. स्टेम जाड आणि लांब असेल तर हे अधिक होतं.

हाड भार ओळखतं आणि त्याप्रमाणे स्वतःची बांधणी बदलतं. हा नियम युलियुस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने 1892 मध्येच मांडला होता. स्टेमच्या टोकाशी नवा ताण आला की तिथलं हाड हळूहळू जाड होतं आणि तो ताण पेलायला शिकतं. त्याला वर्ष लागतं, कधी दोन. माझ्या एक्स-रेमध्ये पहिल्या काही महिन्यांत स्टेम किंचित खाली सरकून बसलेला दिसला आणि त्यानंतर तो जागचा हलला नाही. त्या "नंतर हलला नाही" मध्ये माझ्यासाठी सगळं होतं. हे एका एक्स-रेवरून कळत नाही, जुने आणि नवे शेजारी ठेवून बघावे लागतात. म्हणून ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसापासूनचे सगळे एक्स-रे जपून ठेवा, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी सोबत न्या.

आता "कुठे". दुखऱ्या जागेवर एक बोट ठेवता येतं का बघा. मांडीच्या पुढच्या बाजूला, साधारण मध्यावर बोट गेलं तर स्टेमचा विचार आधी होतो. जांघेत दुखत असेल तर वाटीकडे किंवा तिच्या पुढून जाणाऱ्या स्नायूच्या दोरीकडे लक्ष जातं. अशा माणसाला गाडीत बसताना पाय उचलून आत घेणं जड जातं. बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा हाताला लागतो. तिथे दाबलं की दुखत असेल, त्या कुशीवर झोपवत नसेल, तर तिथल्या स्नायूंच्या कंडरा किंवा त्यांच्याखालची पिशवी सुजलेली असू शकते. हे फार जणांना होतं आणि व्यायामाने बऱ्यापैकी आटोक्यात येतं. नितंबातून सुरू होऊन खाली उतरणारी सणक असेल, मुंग्या येत असतील, खोकताना-शिंकताना कळ जात असेल, तर कंबर तपासून घ्या. मांडीच्या पुढच्या भागाच्या नसा कमरेच्या मणक्यांमधूनच येतात आणि खुबा झिजण्याचं वय ते मणके झिजण्याचंही वय असतं. नव्या सांध्याला दोष देत बसलेल्या किती जणांचं दुखणं कमरेतून येत असेल, असं मला नेहमी वाटतं. पुढच्या बाजूने चीर घेऊन ऑपरेशन झालं असेल तर मांडीच्या बाहेरच्या अंगाला बधीरपणा किंवा भगभग राहू शकते. ती कातडीच्या नसेची असते, हाडाची नाही, आणि बहुधा काळाने कमी होते. अशा बधीर जागी गरम शेक देऊ नका, भाजलेलं कळत नाही.

"कधी" हे त्याहून बोलकं. खुर्चीतून उठल्यावर पहिल्या चार-सहा पावलांना कळ येते आणि मग चालताना ती विरते, हे स्टेम नीट पक्का न झाल्याचं लक्षण असू शकतं. ते डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. जिने चढताना, खोल खुर्चीतून उठताना दुखणं वाढतं, कारण त्या हालचालींत स्टेमवर पीळ पडतो. सरळ चालताना तो इतका पडत नाही. काहीही न करता, रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल तर ते वेगळ्या जातीचं दुखणं आहे, त्यात जंतुसंसर्ग नाही ना हे आधी पाहावं लागतं.

तिसरी गोष्ट दिशेची, आणि मी सर्वात जास्त भरवसा तिच्यावर ठेवते. दुखणं किती आहे यापेक्षा ते कुठल्या बाजूला चाललंय ते बघा. मधे एखादा आठवडा वाईट गेला तरी महिन्यागणिक उतरत असेल तर थांबायला हरकत नाही. दुखणं पूर्ण थांबून काही महिने किंवा वर्षं चांगली गेली आणि मग पुन्हा सुरू झालं, तर थांबू नका. ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणं, पडल्यानंतर अचानक पाय टेकवता न येणं, पाय आखूड किंवा वळलेला दिसणं, यात तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मांडी किंवा पोटरी सुजून ताठ झाली, गरम लागली तर रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे तासांचा उशीरही नको. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत जायचं.

तपासण्यांचं थोडक्यात सांगते. एक्स-रे आणि रक्तातलं ईएसआर, सीआरपी (शरीरात सूज किंवा संसर्ग असेल तर हे दोन्ही आकडे वाढतात) यांनी सुरुवात होते. सीआरपी ऑपरेशननंतर काही आठवड्यांत उतरतं, ईएसआरला महिने लागू शकतात, त्यामुळे आकडा एकटा वाचू नका. शंका असेल तर सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासतात. बोन स्कॅनही करतात, म्हणजे हाडात जिथे जास्त घडामोड चालू आहे ती जागा उजळ दाखवणारी तपासणी, पण बिनसिमेंटच्या स्टेमभोवती तो वर्ष-दोन वर्षं उजळलेला दिसू शकतो, आणि तेवढ्यावरून स्टेम सुटला असं ठरत नाही.

कारण गंभीर नाही हे कळल्यावर रोजचं जगणं उरतं, आणि मला सर्वात जास्त विचारलं जातं ते त्याबद्दलच. मी खुर्चीतून एकदम उठत नाही. बसल्या जागी गुडघा काही वेळा सरळ करते, पुढे सरकते, हातांनी जोर देऊन उभी राहते, क्षणभर दोन्ही पायांवर भार घेते आणि मग पहिलं पाऊल टाकते. एवढ्याने पहिल्या पावलांची कळ निम्म्यावर येते. बसायला उंच आणि हात असलेली खुर्ची निवडते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, आणि कठडा धरून.

काठीबद्दल फार जण लाजतात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. साध्या चालण्यातही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, कारण एका पायावर उभं असताना बाजूचे स्नायू अंग तोलून धरायला जोरात ओढत असतात. विरुद्ध हातातली काठी ते ओढणं हलकं करते. लंगडत चालून कंबर आणि दुसरा गुडघाही दुखवून घेण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चालणं कितीतरी बरं. मी लांबच्या चालीला अजून काठी नेते आणि त्याचा मला अभिमान आहे.

व्यायामांत माझ्या उपयोगाला सर्वात जास्त आले ते खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंचे: उभं राहून पाय बाजूला नेणं, उताणं झोपून कंबर उचलणं. झिजलेल्या सांध्याला सांभाळत आपण वर्षानुवर्षं चाललेलो असतो, तेवढ्यात हे स्नायू पार विरघळलेले असतात. सांधा एका दिवसात बदलतो, स्नायूंना महिने लागतात. कुठला व्यायाम कधीपासून, हे फिजिओथेरपिस्टनेच ठरवावं, कारण चीर कुठून घेतली त्यावर ते अवलंबून असतं. किती करायचं याचं माझं माप दुसऱ्या दिवशीची सकाळ. व्यायामानंतर दुखलं आणि सकाळपर्यंत शमलं तर चाललं. सकाळीही तेवढंच किंवा जास्त असेल तर आदल्या दिवशीचं जास्त झालं, आज कमी करायचं, बंद मात्र करायचं नाही. चालणंही मी तोडून चालते: एका दमात लांब जाण्याऐवजी दोन वेळा थोडं थोडं.

गोळ्यांच्या बाबतीत एवढंच की सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या मनाने महिनोन् महिने घेऊ नका. मूत्रपिंड, पोट आणि रक्तदाब या तिन्हींना त्या जड जातात.

मनाचंही सांगायला हवं. ऑपरेशनच्या आधीची ती रात्रंदिवसाची वेदना गेली याचं मला खरोखर समाधान आहे. तरीही मांडी ठणकली की वाईट वाटतं, आणि ते बोलून दाखवलं की समोरचा म्हणतो, "आधीपेक्षा बरं आहे ना, मग?" आधीपेक्षा बरं आहे आणि अजून दुखतंय, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. तुमच्या घरात कोणी असं चालत असेल तर त्यांना दोन्ही बोलू द्या.

शेवटचा प्रश्न नेहमी हाच असतो: मग ऑपरेशन पुन्हा करून घ्यावं का? स्टेम सुटलाय, संसर्ग आहे, हाडाला तडा आहे, असं काही सापडलं तर पुन्हा ऑपरेशन करण्याला अर्थ आहे आणि त्याने फरक पडतो. कारण न सापडता, केवळ दुखतं म्हणून पक्का बसलेला स्टेम काढणं वेगळं. तो काढताना चांगलं हाडही जातं, आणि ज्याचं कारण माहीत नाही ते दुखणं नव्या स्टेमसोबतही राहू शकतं. असा सल्ला कोणी दिला तर "नेमकं काय सापडलं आहे, आणि ते बदलल्याने हेच दुखणं जाईल असं कशावरून?" हे विचारा, आणि सांधे पुन्हा बदलण्याचं काम नेहमी करणाऱ्या दुसऱ्या शल्यविशारदांना सगळे एक्स-रे दाखवून त्यांचंही मत घ्या.