लाट परतताना वाळू का निसटते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, तसं माती-परीक्षणातला माणूस, त्यात गाव गुहागर, म्हटल्यावर पुळणीवर आलेला प्रत्येक पाहुणा हे विचारतोच: "लाट मागे गेली की पायाखालची वाळू निसटते, समुद्र खालून ओढतो का?"

ओढत नाही. उलट, पाणी खालून वर यायला बघत असतं.

वाळू आपलं वजन पेलते ती कणाला कण टेकलेला असतो म्हणून. कणांमधल्या फटींतल्या पाण्यालाही दाब असतो. तो वाढला की कणांची एकमेकांवरची पकड तेवढी सुटते. कार्ल तेर्झागी यांनी हे १९२५ साली मांडलं. आमचा सगळा धंदा त्यावर चालतो.

आता फूटभर पाणी वाळूवर चढलं, की दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार आला. फटींत थोडी हवाही अडकलेली असते, ती दबते. त्यामुळे वरचा दाब खाली पोचेपर्यंत कमी होतो, शिवाय उशिरा पोचतो. (लाट चढताना बारीक भोकांतून बुडबुडे येतात, ती दरवेळी कुर्ल्यांची बिळं नसतात, बरीचशी ही हवाच.) लाट परतली की वरचा भार झटकन उतरतो, खालचा दाब मात्र लगेच उतरत नाही. पाणी वर सुटू लागतं, कण सैल होतात, आणि परतीचा प्रवाह टाचेभोवती वळसा घेऊन ते उचलून नेतो. खरं काम या प्रवाहाचंच. दाब त्याला हात देतो इतकंच.

ओहोटीच्या वाळूवर नेमकं उलटं दिसतं. घट्ट बसलेल्या ओल्या वाळूवर पाऊल टाका, भोवतीची वाळू क्षणभर पांढुरकी होते. कण एकमेकांवर चढतात, फटी मोठ्या होतात, वरचं पाणी आत ओढलं जातं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये याचा उलगडा केला.

दुसरा प्रश्न गाड्यांचा: पुळणीवर मजेत पळणारी गाडी अचानक रुतते कशी? ओलसर पण न चकाकणारी वाळू कडक असते, गाडी मजेत पळते आणि चालकाला चेव येतो. पुढे पाण्याकडची वाळू चकाकते, कारण भरतीला मुरलेलं पाणी तिथून अजून बाहेर झिरपत असतं. तिथे चाक जागच्या जागी फिरवलं की गाडी आणखी बसते. भरती लागली असेल तर ॲक्सिलरेटर सोडा आणि ट्रॅक्टरवाल्याला फोन लावा.