‘पिण्यास योग्य’ पाण्याला गोडसर वास

तक्रार वासाची होती, तीही फक्त बंबातल्या पाण्याची. नाशिकच्या एका औद्योगिक वसाहतीच्या उताराला असलेलं गाव. एक सार्वजनिक विहीर आणि दोन बोअर. तिन्हींचं पाणी एकाच उंच टाकीत चढतं, तिथे टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडते आणि पाणी नळाला सुटतं. ग्रामसेवकांच्या हातात ताजा अहवाल होता: पीएच, टीडीएस (विरघळलेले क्षार), कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, ई. कोलाय, सगळं मर्यादेत. खाली शिक्का, ‘पिण्यास योग्य’. शेजारी उभ्या आजी मात्र ऐकायला तयार नव्हत्या. “गार पाणी बरंय रे भाऊ. तापवलं की गोडूस वास मारतं आन् डोकं जड होतं.”

निम्मं निदान आजींनीच करून ठेवलं होतं. क्षार तापवल्याने वास येत नाही. सांडपाणी मिसळलं तर वास कुजका येतो. तापवताच हवेत उडणारं आणि गोडसर, म्हणजे क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट. आसपास सुटे भाग बनवणारे कारखाने असतील तर पहिला संशय ट्रायक्लोरोइथिलीनवर, म्हणजे टीसीईवर. मशीनिंग झालेल्या भागांवरचं तेल काढायला ते वापरतात. कार्बन टेट्राक्लोराइड 2010 पासून बंद झाल्यावर साफसफाईच्या कामात टीसीईचं महत्त्व आणखी वाढलं.

अहवाल खोटा नव्हता. आपल्या आयएस 10500 या पेयजल मानकात टीसीईला मर्यादाच नाही. क्लोरोफॉर्म आणि त्याच्या भावंडांना आहे, कीटकनाशकांना आहे, याला नाही. त्यामुळे नेहमीच्या चाचणीत कुणी ते बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला 8 मायक्रोग्रॅम, अमेरिकेची मर्यादा 5. पाण्यात त्याचा वास यायला मात्र साधारण 300 मायक्रोग्रॅम लागतात. म्हणजे नाकाला कळेपर्यंत पाणी मर्यादेच्या कितीतरी पट पुढे गेलेलं असतं.

दुसरी अडचण नमुन्याची. जलसुरक्षक दोन लिटरचा प्लास्टिक कॅन मोकळ्या धारेखाली भरतो, वर चार बोटं हवा सोडतो आणि मोटारसायकलला अडकवून उन्हातून नेतो. नायट्रेटसाठी हे चालून जातं. टीसीई मात्र त्या हवेत उडतं, प्लास्टिकमध्ये मुरतं, आणि प्रयोगशाळेत पोचतं ते जवळजवळ स्वच्छ पाणी. मग यंत्र कितीही महागडं असो, दाखवणार काय?

यासाठी 40 मिलिलिटरच्या तपकिरी काचेच्या बाटल्या लागतात, झाकणात टेफ्लॉनचा पडदा असलेल्या. नमुना टीसीएल पडण्याआधी, थेट बोअरच्या तोंडाशी घ्यायचा, नाहीतर क्लोरीनमुळे तयार झालेला क्लोरोफॉर्म मध्ये येऊन घोळ घालतो. नळाचाच नमुना हवा असेल तर बाटलीत आधी 25 मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिड टाकायचं. बोअरमधलं साचलेलं पाणी आधी काढून टाकावं लागतं. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरला साधारण 21 लिटर पाणी असतं. 60 मीटर उभं पाणी असेल तर एक भरण जवळजवळ 1,280 लिटरचं, आणि तशी तीन काढायची. रोज चालणाऱ्या बोअरला एवढं नसलं तरी चालतं. तापमान, पीएच आणि विद्युतवाहकता स्थिर झाली की पुरे.

धार पेन्सिलीएवढी बारीक करायची. बाटली तिरकी धरून काठाला पाणी लावत भरायची, तोंडावर पाण्याचा फुगवटा आला की झाकण फिरवायचं, उलटी करून टिचकी मारायची. बुडबुडा वर आला तर ती बाटली बाद. पुस्तकात लिहिलंय की हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाकून पीएच 2 च्या खाली आणा, म्हणजे नमुना 14 दिवस टिकतो. आपल्या बेसॉल्टच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, त्यामुळे ॲसिड पडताच ते फसफसतं आणि बुडबुडे टीसीईला बाहेर काढतात. अशा वेळी ॲसिड टाकू नये, बर्फात ठेवून सात दिवसांच्या आत तपासून घ्यावं. सोबत शुद्ध पाण्याची एक बंद बाटलीही त्याच पेटीतून जाऊन-येऊन करते. तिच्यात काही सापडलं तर दोष प्रवासाचा. म्हणून पेटी गाडीत असताना पेट्रोल भरायचं नाही, मार्कर वापरायचा नाही, आणि बोअरशेजारी जनरेटर चालू असेल तर आधी तो बंद करायला लावायचा.

मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या जीसी-एमएस यंत्राचे टीसीईचे आकडे आले, लिटरला मायक्रोग्रॅममध्ये. विहिरीत काहीच नाही. शाळेजवळच्या बोअरमध्ये 6. वसाहतीकडच्या बोअरमध्ये 410, आणि सोबत 38 मायक्रोग्रॅम सिस-डायक्लोरोइथिलीन. मला हादरवलं ते या 38 ने. हे रसायन कुणी ड्रममधून ओतत नाही. जमिनीत ऑक्सिजन नसताना जिवाणू टीसीईतला एक क्लोरीन काढून घेतात तेव्हा ते तयार होतं. म्हणजे गळती कालपरवाची नव्हती. विहीर कोरी कशी, हा सरपंचताईंचा प्रश्न रास्त होता. टीसीई पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड. मुरमातून खाली उतरतं, अखंड कातळावर साचतं आणि कातळाच्या उताराने, भेगेभेगेतून सरकतं. पाणी कुठे वाहतंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. भेग ज्या बोअरला लागली त्यात ते उतरलं. वरच्या काही मीटरपुरतंच केसिंग, म्हणजे बोअरच्या आतला पाइप, असलं की मधल्या भेगा उघड्याच राहतात.

बोअरच्या वरच्या अंगाला मालकी बदललेली एक शेड होती, तिथे पूर्वी भाग धुण्याची टाकी चालायची. अशा टाकीत टीसीई 87 अंशांना उकळतं, वाफ भागांवर बसून तेल घेऊन खाली गळते आणि वरच्या गार नळ्या उरलेली वाफ अडवतात. त्या नळ्यांवर हवेतला दमटपणाही उतरतो. ते पाणी वेगळं काढायला बाजूला एक छोटा कप्पा असतो. कामगार तो कप्पा गटारात रिकामा करतात, कारण दिसायला ते निव्वळ पाणी. पण त्याच्या एका लिटरमध्ये ग्रॅमभर टीसीई विरघळलेलं असतं, सव्वा लाख लिटर पाणी 8 च्या हद्दीवर नेऊन ठेवायला पुरेल एवढं. शेडमागे जुना शोषखड्डा सापडला. पुढचा तपास आमच्या अखत्यारीतला नव्हता.

गावात त्या दिवशी वसाहतीकडचा बोअर टाकीपासून तोडला. बुजवू दिला नाही, नाहीतर पुढे मोजायचं कशात? शाळेजवळचा बोअर जादा चालवायलाही मनाई केली. उपसा वाढला की दूषित पाणी तिकडेच ओढलं जातं. बाया विचारत होत्या, उकळून प्यायचं का? उकळल्याने पाण्यातून जातं हे खरं, पण बंद स्वयंपाकघरात ते श्वासातून आत येतं. घरच्या आरओवर टीडीएस मीटर धरून ‘पाणी शुद्ध’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्या मीटरला टीसीई दिसतच नाही. जे काही अडवायचं ते पडद्याआधीची कोळशाची कांडी अडवते, आणि ती भरून गेली की कुठला दिवा लागत नाही.

पुढची योजना दाणेदार कोळशाच्या दोन भांड्यांची, एकामागे एक. ताशी 6,000 लिटर पाणी आणि दहा मिनिटांचा संपर्क धरला तर भांड्यात 1,000 लिटर कोळसा लागतो. हवा फुंकून टीसीई उडवणारा मनोरा स्वस्त पडला असता, पण इतक्या कठीण पाण्यात त्याच्या आत भरलेल्या तुकड्यांवर क्षाराची पुटं चढतात. दोन भांड्यांच्या मध्ये नमुन्याचा नळ हवाच. तिथे टीसीई दिसलं की पहिलं भांडं रिकामं करून नवा कोळसा भरायचा आणि त्याला दुसऱ्या नंबरवर टाकायचं. काढलेला कोळसा चुलीला मिळेल का, असं शिपायाने विचारलंच. तो पोत्यात बंद करून घातक कचरा घेणाऱ्या परवानाधारक केंद्राकडेच द्यावा लागतो. तिथवरच्या वाहतुकीचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरायला सांगितला.