टोपण नसलेली ट्यूब

आमच्या घरी टूथपेस्टचं टोपण टिकत नाही. हातातून सुटतं, बेसिनवर दोन उड्या मारतं आणि थेट मोरीच्या जाळीत. गेल्या एप्रिलात नव्या ट्यूबचं टोपण दुसऱ्याच दिवशी गेलं. सोलापूरचा एप्रिल म्हणजे उघडी राहिलेली भाकरी तासाभरात आपणहून कडक भाकरी होते आणि दोरीवरची चादर पिळून टाकेपर्यंत वाळते. अशा उन्हाळ्यात ती ट्यूब महिनाभर आ वासून पडलेली. तोंडाशी मोहरीएवढी खपली धरायची. ती नखानं काढली की आत पेस्ट मऊच्या मऊ.

मग चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं. सॉर्बिटॉल! साखरेच्या साधारण 60 टक्के गोड, पण खरी नोकरी पाणी धरून ठेवायची. शिवाय तोंडातल्या जंतूंना साखरेसारखं ते भराभर खाता येत नाही, म्हणून दातांना बरं. 1872 साली बूसिंगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते रोवन झाडाच्या फळांत सापडलं. झाडाचं शास्त्रीय नाव सॉर्बस, त्यावरून हे नाव. आता कारखान्यात ग्लुकोजला हायड्रोजन जोडून करतात, आणि ते ग्लुकोज बहुधा मक्याच्या स्टार्चचं.

ही विद्या मी सकाळच्या चहाला पाजळली आणि बोलता बोलता म्हणून गेलो, "याला शुगर अल्कोहोल म्हणतात."

अण्णा माळकरी. पंढरपूर आमच्यापासून सत्तरेक किलोमीटर. एकादशी चुकवत नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे रोज सकाळी दाताला दारू लावायलाव का आपण?"

रेणूला ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या चिकटल्या की रसायनशास्त्र त्याला अल्कोहोलांच्या घराण्यात बसवतं, नशेचा काही संबंध नाही, असं मी परोपरीनं सांगितलं.

"मग असलं आडनाव लावावं कशाला?"

यावर मी काय बोलणार?

तरी अण्णांचं आणि या घराण्याचं पुढे जमलं. त्यांना मधुमेह. गाळपाच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर ज्याच्या दारावरून जातात त्यानं साखर सोडायची म्हणजे काय, ते सोडणाऱ्यालाच ठाऊक. पुण्याहून भाच्यानं शुगर-फ्री चॉकलेटचा डबा आणला. त्यात सॉर्बिटॉलचा भाऊ माल्टिटॉल. यानं रक्तातली साखर कमी का होईना वाढतेच. पण 'साखर नाही' एवढं वाचून अण्णांनी रात्री अर्धा डबा संपवला.

मध्यरात्रीपासून पोटात ढोलताशे. ही गोडी लहान आतड्यात पुरती शोषली जात नाही. उरलेली पुढे सरकताना पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यातले जंतू तिच्यावर ताव मारून गॅस करतात. डब्यावर तसा इशारा होता, मुंगीएवढ्या अक्षरात. पहाटे चारला संडासच्या दाराबाहेर तांब्या घेऊन उभा असताना मला ट्यूब आठवली. पाण्याला धरायचा गुण तोच, फक्त जागा चुकली.

आता अण्णा दोनच तुकडे खातात, मोजून. पेस्टही वापरतात. एकादशीला मात्र पहाटे अंगणात जाऊन लिंबाची काडी मोडतात.

"विठ्ठलाला आडनावं समजावत कोण बसणार?" म्हणतात.