तुम्ही विचारलंत म्हणून: कोरियातली अनामत आणि अडलेले संसार

दक्षिण कोरियाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: चिप, जहाजं, मोटारी जगाला विकणारा इतका श्रीमंत देश, मग तिथली तरुण मुलं संसार का मांडत नाहीत? २०२३ मध्ये तिथला जननदर (एका बाईला आयुष्यभरात सरासरी होणारी मुलं) ०.७२ वर आला, राजधानी सोलमध्ये तर ०.५५ वर. कामाचे लांबलचक तास, शिकवण्यांचा खर्च, बायकांवरचा घरकामाचा भार ही कारणं सगळे सांगतात आणि ती खरीच आहेत. पण माझ्या मते पहिली अडचण उभी राहते ती घराच्या अनामतीपाशी.

मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’वर राहिलेल्यांना ही पद्धत चटकन कळेल. कोरियात तिला जॉन्से म्हणतात. घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कम मालकाकडे एकदम ठेवायची आणि महिन्याचं भाडं द्यायचं नाही. करार दोन वर्षांचा, तो संपला की पूर्ण रक्कम परत. व्याजदर चढे होते तेव्हा मालक ती रक्कम बँकेत ठेवून व्याज मिळवत. पुढे दर उतरले आणि त्याच पैशात आणखी घरं घेण्याची सवय लागली. समजा, घर ३० कोटी वॉनचं आणि अनामत २७ कोटी (आपले साधारण दीड ते पावणेदोन कोटी रुपये). म्हणजे खरेदीदाराला स्वतःचे फक्त ३ कोटी घालावे लागतात. करार संपल्यावर जुन्या भाडेकरूचे पैसे येतात नव्या भाडेकरूच्या अनामतीतून. भाव चढते असेपर्यंत हे चालतं. भाव पडले, नवा भाडेकरू २२ कोटीच देऊ लागला, की मधले ५ कोटी आणायचे कुठून?

आणि हे २७ कोटी भाडेकरूचे तरी कुठे असतात? बँक अनामतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देते. २१ कोटी ६० लाखांवर अडीच टक्क्यांनी महिन्याला साडेचार लाख वॉन व्याज बसतं, साडेचार टक्क्यांनी ८ लाख १० हजार. ऑगस्ट २०२१ च्या सुरुवातीला ०.५ टक्के असलेला मध्यवर्ती बँकेचा दर जानेवारी २०२३ मध्ये ३.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा असंख्य घरांत नेमकं हेच झालं. ‘भाडं नाही’ म्हणून घेतलेलं घर भाड्याइतकंच महाग पडू लागलं.

त्याच सुमारास फसवणुकी उघडकीस आल्या. बरीच प्रकरणं नव्या, चार-पाच मजली छोट्या इमारतींतली होती. टोलेजंग संकुलांत शेजारच्या घराचा विक्रीभाव सहज कळतो; नव्या छोट्या इमारतीत तुलनेला काहीच नसतं. बिल्डर आणि दलाल मिळून अनामत थेट विक्रीच्या किमतीइतकी ठरवत, भाडेकरू आत आला की घर एखाद्या कफल्लक माणसाच्या नावावर करून मोकळे होत. सोलजवळच्या इंचन शहरातल्या मिछूहोल भागात तर एकेका इमारतीतली बहुतेक घरं लिलावात निघाली. २०२३ च्या सुरुवातीला तिथल्या काही तरुण भाडेकरूंनी जीव दिला. जूनपासून अशा पीडितांसाठी खास कायदा लागू झाला, आणि २०२५ च्या मध्यापर्यंत पीडित म्हणून मान्यता मिळालेल्यांचा आकडा ३०,००० पार गेला. त्यातले बहुसंख्य चाळिशीच्या आतले.

भाडेकरारांच्या मूळ कायद्यात एक फट आहे, ती कोरियात शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाने समजून घ्यावी. अनामतीवरचा भाडेकरूचा हक्क सरकारदरबारी नवा पत्ता नोंदवल्यावर लगेच नाही, त्या रात्री बारा वाजता पुढचा दिवस सुरू झाला की लागतो. तारण मात्र नोंदवल्या दिवशीच लागू होतं. राहायला जाण्याच्या दिवशीच मालकाने घरावर कर्ज काढलं, तर लिलावात बँक आधी, भाडेकरू नंतर. म्हणून मालमत्तेचा नोंदणी-उतारा (ऑनलाइन ७०० वॉन) करारापूर्वी, पैसे देताना आणि दुसऱ्या दिवशी, असा तीनदा पाहायचा. करारावर तारखेचा शिक्का घ्यायचा, तो ६०० वॉनला मिळतो. मालकाचा थकलेला करही तपासायचा. करारानंतर त्याच्या परवानगीविना तसं करण्याची सोय एप्रिल २०२३ पासून आहे. अनामतीचा विमा मिळत नसेल तर ते घर सोडून द्यायचं. आणि पैसे परत मिळाले नसतील, तर न्यायालयातून भाडेहक्काची नोंद उताऱ्यावर चढल्याशिवाय सामान हलवायचं नाही. आधी बाहेर पडलात तर लिलावाच्या पैशांसाठीच्या रांगेतला नंबर जातो.

आता लग्नाकडे येऊ. कोरियात लग्नाबाहेर जन्मणारी मुलं अजूनही शंभरात पाच-सहाच, त्यामुळे लग्न लांबलं की मूलही लांबतं. घराची सोय मुलाकडच्यांनी करायची, ही अपेक्षा अजून गेलेली नाही. २०२३ मध्ये पहिल्या लग्नाचं सरासरी वय पुरुषांचं ३४ होतं, बायकांचं ३१.५. अनामतीचा जो हिस्सा बँक देत नाही, तो बहुतेकदा आईवडिलांच्या म्हातारपणाच्या पुंजीतून येतो. राष्ट्रीय पेन्शन १९८८ मध्ये सुरू झाली, त्यामुळे आजच्या अनेक वृद्धांच्या वाट्याला तुटपुंजी रक्कमच येते. पासष्टीपुढच्या लोकांत गरिबीचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आहे, श्रीमंत देशांत सर्वांत जास्त. आईवडील ज्या पैशाला म्हातारपणाचा आधार समजतात, मुलगा त्यालाच आपल्या संसाराचं भांडवल समजतो, आणि घरमालकाने तो केव्हाच दुसऱ्या घरात घातलेला असतो.

२००६ पासून पंधरा वर्षांत सरकारने जन्मदरासाठी सुमारे २८० लाख कोटी वॉन खर्च केल्याचं सांगितलं जातं. २०२४ मध्ये जननदर किंचित चढून ०.७५ झाला, याचा मलाही आनंद आहे. पण मूल झाल्यावर मिळणारं अनुदान त्या आधीच्या टप्प्यावर अडलेल्या जोडप्यापर्यंत पोचतच नाही. अनामत मालकाच्या हाती न देता तिसऱ्या संस्थेकडे ठेवण्याचा प्रस्ताव तिथे वारंवार चर्चेला येतो. मालकांचा विरोध आहे, कारण पैसा वापरता येणार नसेल तर भाडं माफ कशासाठी करायचं? त्यांचा मुद्दा बिनचूक आहे, आणि तरीही ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करून मासिक भाड्याची सरकारी घरं वाढवावीत, असं मला ठामपणे वाटतं. त्याने भाडं महिन्याला भरावं लागेल, पण दहा वर्षांची कमाई एका अनोळखी माणसाच्या खात्यात अडकणार नाही.