उंबरा, टाळ आणि अण्णांचं पाऊल

अण्णांच्या पार्किन्सन्सला आता सात वर्षं झाली. हाताच्या थरथरीची सवय झाली होती, छळलं ते पाय गोठण्यानं. बाथरूमच्या दारात आले की पाय जमिनीला खिळायचे. हात धरून ओढावं तर तोल जायचा, "चला ना" म्हणून घाई करावी तर आणखीच अडकायचे. ओढायचं नाही, हे ते दोनदा पडल्यावर आम्हाला कळलं.

फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, डोपामाइन, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारं मेंदूतलं रसायन, कमी पडलं की चालीचा आतला ठेका चुकतो, मग तो बाहेरून कानावाटे द्यायचा. कोलोरॅडोतल्या संशोधकांनी १९९६ सालीच तीन आठवडे घरी ठेक्यावर चालवून रुग्णांची चाल सुधारल्याचं दाखवलं होतं. मी मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे एकसारखी टिकटिक करणारा ठेका, लावला. अण्णा वैतागले, "ते घड्याळ बंद कर."

मग माळ्यावरचे टाळ आठवले. अण्णांनी अठरा वर्षं दिंडीत पावली खेळली होती. गजराची रेकॉर्डिंग लावली आणि खुर्चीतल्या खुर्चीत त्यांची टाच हलायला लागली! मी हुरळलो. चूक तिथेच झाली. गजराची लय चढत जाते. तिच्यामागे त्यांची पावलं आखूड आणि भरभर पडायला लागली, अंग पुढे झुकलं, मी सावरलं म्हणून वाचले. भक्ती वाढते तशी लय वाढणार, पण पार्किन्सन्सच्या पायांना ते परवडत नाही.

बाईंच्या सांगण्यावरून लेव्होडोपाची, म्हणजे डोपामाइनची उणीव भरून काढणारी, गोळी लागू झाल्यावर, अण्णा मोकळे असताना, मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजलं. ८४. त्यांच्या दिंडीतल्या एका काकांना बोलावून त्याच लयीत दहा मिनिटं नुसता टाळ रेकॉर्ड केला. काकांना लय न चढवता वाजवणं फार जड गेलं, तीनदा पुन्हा करावं लागलं.

आता रोज सकाळी पॅसेजमध्ये त्या टाळावर दहा मिनिटं चालणं होतं. गोळीचा अंमल उतरला की टाळाचाही फारसा उपयोग होत नाही, म्हणून वेळ पाळतो. रात्री शेजारी झोपलेले असतात, तेव्हा बाथरूमच्या दारात मी मांडीवर हलकी थाप देतो. अण्णा क्षणभर थांबतात, ऐकतात, उजवा पाय उचलतात. परवा मात्र उचललाच नाही.

"काय झालं?"

"तुझी थाप मागं पडतेय," म्हणाले.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.